बनावट साइट उतरवायची, तर होस्टिंग कंपनीला कसं कळवाल

‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल.’ खाली लिंक. उघडली की वीज कंपनीचा लोगो आणि कार्डाचा नंबर मागणारा फॉर्म. पैसे गेले असतील तर हे वाचत बसू नका, आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. गेले नसतील, तर दहा मिनिटं काढा. ते पान जितके तास उघडं राहील, तितके तास कुणीतरी त्यात आपला नंबर भरत असतं.

आधी पुरावा. लिंक पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत कॉपी करा. स्क्रीनशॉटमध्ये वरचा पत्ता दिसायला हवा. तारीख, वेळ टिपा आणि भारतीय वेळ असल्याचं लिहा. फॉर्ममध्ये काहीही भरू नका. (लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचं काही दिसलं तर मात्र स्क्रीनशॉट घेऊ नका. ते जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे. फक्त लिंक राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर द्या.)

मग होस्ट शोधा. इथे बहुतेकांची गफलत होते. डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, नाव विकणारा रजिस्ट्रार वेगळा आणि पान ज्याच्या सर्व्हरवर आहे तो होस्ट वेगळा. रजिस्ट्रार आयकॅनच्या (डोमेन नावांची व्यवस्था पाहणारी जागतिक संस्था) लुकअप पानावर सापडतो. होस्टसाठी कॉम्प्युटरवर ‘एनएसलुकअप’ ही कमांड देऊन सर्व्हरचा आयपी पत्ता (आकडी पत्ता) काढा आणि त्याचं हूइज, म्हणजे तो पत्ता कुणाकडे आहे त्याची नोंद, पाहा. तिथे कंपनीचं नाव आणि तक्रारीचा ईमेल असतो. क्लाउडफ्लेअर ही साइटच्या पुढे उभी राहणारी मध्यस्थ सेवा दिसली, तर खरा सर्व्हर सहसा त्याच्या मागे असतो. त्यांचा तक्रारीचा फॉर्म भरा, ते तक्रार मूळ होस्टकडे पाठवतात.

मेल इंग्रजीत, चार-पाच ओळींचा. विषयात ‘फिशिंग’ (बनावट पानावर माहिती चोरणं) आणि डोमेन. आत लिंक, वेळ, कोणाच्या नावाने फसवणूक चालली आहे ते, आणि स्क्रीनशॉट. लिंकमधल्या ‘एचटीटीपी’त दोन टींच्या जागी दोन एक्स टाका, नाहीतर तुमचाच मेल स्पॅममध्ये अडकेल. राग कितीही खरा असला तरी मेलमध्ये नको. आणि एक गोष्ट आवर्जून लिहा: पान फक्त मोबाइलवर दिसत असेल तर तसं सांगा. काही पानं कॉम्प्युटरवर कोरी दिसतात, आणि तपासणारा कर्मचारी ‘काही आढळलं नाही’ म्हणून तक्रार बंद करतो.

तीच तक्रार रजिस्ट्रारलाही पाठवा. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी, पुरेसा पुरावा दिला तर फिशिंगवर कारवाई करणं त्यांना ५ एप्रिल २०२४ पासून आयकॅनच्या करारानेच बंधनकारक आहे.

तक्रारीचा तिकीट नंबर जपून ठेवा, दुसऱ्या दिवशी मोबाइलवरून लिंक पुन्हा तपासा. तेच पान नव्या पत्त्यावर आलं, तर होस्ट पुन्हा शोधून नवी तक्रार करा आणि जुना तिकीट नंबर त्यात जोडा.