म्युझियम, खरेदी आणि शहरदर्शन एकाच दिवसात? या चुका टाळा

दुपारचे तीन वाजलेले असतात. आठ वर्षांचा मुलगा दालनाच्या मधल्या बाकावर पालथा पडलेला. आई पाण्याची बाटली शोधायला पिशवी उपसतेय. आजी बाकाच्या कडेला टेकून, चपलेतून टाच बाहेर काढून चोळतायत. आणि ज्यांनी रात्री जागून सगळा बेत आखला ते बाबा मोबाइलवरच्या यादीकडे बघत म्हणतात, ‘‘अजून टॉवर राहिलाय, बाजार राहिलाय. चला, उठा!’’

जगातल्या कुठल्याही मोठ्या शहरातल्या मोठ्या म्युझियममध्ये दुपारी जा, असं एक तरी कुटुंब दिसेल. आमच्यावरही ही वेळ दोनदा आली. तेव्हापासून मी एक नियम धरलाय: बेत शहराचा नकाशा बघून आखायचा नाही, घरात सगळ्यात कमी चालू शकणाऱ्या माणसाचे पाय बघून आखायचा. ते पाय आजीचे असतील, पाच वर्षांच्या मुलीचे असतील, किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्या काकांचे. खालच्या बऱ्याचशा चुका हे न पाहिल्यामुळे होतात.

म्युझियम ‘पूर्ण’ बघायचं ठरवणं

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचं उदाहरण घ्या. संग्रहात सुमारे ८० लाख वस्तू आहेत आणि त्यातल्या साधारण ८० हजारच एका वेळी मांडलेल्या असतात. मांडलेल्या प्रत्येक वस्तूला फक्त दहा सेकंद दिले तरी २२२ तास लागतील. म्हणजे न झोपता, न जेवता नऊ दिवसांहून जास्त. तरीही लोक तिथे सकाळी शिरतात आणि ‘आलोच आहोत तर सगळं बघू’ म्हणत एकेक दालन पार करत सुटतात.

म्युझियममध्ये येणारा थकवा वेगळाच असतो. रस्त्यावर तासभर झपझप चालून जेवढं दमायला होत नाही, तेवढं तिथे अर्ध्या तासात होतं. दोन पावलं चालायचं, थांबायचं, वाकून चिठ्ठी वाचायची, मान वर करून चित्र बघायचं, पुन्हा दोन पावलं. कंबर आणि पोटऱ्या आधी बोलायला लागतात, मग डोकं बधिर होतं. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाचे सचिव बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी १९१६ सालीच हे मांडलं होतं. त्यांनी एका माणसाला काचेच्या कपाटांमधल्या वस्तूंबद्दल प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना त्याला कसकसं वाकावं, ओणवं व्हावं लागतं याचे फोटो काढून छापले. दोष बघणाऱ्याच्या तब्येतीत कमी आणि मांडणीत जास्त आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा मूल दुसऱ्याच दालनात ‘कंटाळा आला’ म्हणालं तर त्याला रागावू नका. त्याची कंबर दुखत असते, आणि दुखण्याला कंटाळा म्हणतात एवढंच त्याला ठाऊक असतं.

म्हणून वेळ बांधून घ्या. लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर दीड तास, फार तर दोन. तेवढ्यात दोन-तीन दालनं नीट होतात. आदल्या रात्री म्युझियमच्या संकेतस्थळावरचा नकाशा उघडा आणि घरातल्या प्रत्येकाला एकेक वस्तू निवडू द्या. आजोबांना जुनी घड्याळं, मुलीला ममी, तुम्हाला एखादं चित्र. मग प्रत्येक जण आपापल्या वस्तूपाशी इतरांना घेऊन जाणारा वाटाड्या होतो, आणि दुसऱ्याची वस्तू बघतानाही कुणी कुरकुरत नाही. हे मी पुन्हा पुन्हा करून पाहिलंय.

लहान मुलांसाठी आणखी एक युक्ती आहे. म्युझियमच्या दुकानात शेवटी न जाता आधी जा, वस्तूंची चित्रं असलेली चार-पाच पोस्टकार्डं घ्या आणि मुलांच्या हातात द्या. ‘ही मूळ वस्तू शोधायची.’ कार्डावर तळव्याएवढी दिसलेली मूर्ती प्रत्यक्षात दोन माणसांएवढी निघाली की मूल तिच्यासमोर जे खिळून उभं राहतं, ते बघण्यासारखं असतं.

आणि बसा. कुणी ‘पाय दुखतात’ म्हणायच्या आधीच, दर वीस-पंचवीस मिनिटांनी. बऱ्याच मोठ्या संग्रहालयांत चाकाची खुर्ची वापरायला मिळते, काही ठिकाणी घडीचं स्टूलही देतात. वयस्कर माणसं संकोचाने ‘नको, मी चालते’ म्हणतात. त्यांना विचारत बसू नका, आत शिरतानाच खुर्ची घ्या. रिकामी असेल तेव्हा तिच्यावर कोट ठेवता येतात.

गर्दी जिकडे, तिकडेच जाणं

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर मेल्टन यांनी १९३५ साली म्युझियममधल्या प्रेक्षकांच्या हालचाली अभ्यासल्या. दालनात शिरलेले बहुतेक लोक उजवीकडे वळतात, असं त्यांना दिसलं. आजही दारात दोन मिनिटं उभं राहिलात तर हेच दिसेल. तुम्ही डावीकडून सुरुवात करा, किंवा सकाळी दार उघडताच थेट सगळ्यात आतल्या दालनात जा आणि तिथून उलटे बाहेर या. पहिला तासभर जवळजवळ मोकळा मिळतो.

पॅरिसच्या लुव्हर म्युझियममधलं मोनालिसाचं दालन डोळ्यांसमोर आणा. ते चित्र ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद, तेही काचेमागे. समोर डोक्यांचा समुद्र, वर उंचावलेले शेकडो मोबाइल. पोराला खांद्यावर घेऊन रांगेत ताटकळायचं आणि शेवटी अर्ध्या मिनिटात पुढे सरकायचं. त्याच दालनात समोरच्या भिंतीवर इटालियन चित्रकार व्हेरोनेझेचं ‘काना येथील लग्न’ आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, लुव्हरमधलं सगळ्यात मोठं चित्र. त्यात पंगत आहे, वादक आहेत, कुत्री आहेत. मुलांना बोटं दाखवून मोजायला तासभर पुरेल एवढी माणसं आहेत. बहुतेक लोक त्याच्याकडे पाठ करून उभे असतात. मोनालिसा जरूर बघा, पण मग तिथेच मागे वळा.

सुट्टीचा वार न बघणं

‘म्युझियम सोमवारी बंद’ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी ते खरंही आहे. पण लुव्हर मंगळवारी बंद असतं, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन बुधवारी. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, आणि त्या दिवशी प्रवेश मोफत असल्यामुळे रांगच रांग. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयाला सोमवारी सुट्टी, पण सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ते उघडं असतं आणि पुढच्या कामाच्या दिवशी बंद. असे बारकावे ऐकीव माहितीत हरवतात. म्युझियमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच बघा, आणि तेही आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा.

बंद होण्याची वेळ आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटचा प्रवेश बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक तास आधी थांबतो आणि आतली दालनं रिकामी करायलाही वेळेआधीच सुरुवात होते.

शिवाय म्युझियम उघडं असलं म्हणजे दालन उघडं असेल असं नाही. माझ्या भाचीला डायनासोरचा सांगाडा दाखवायचं मी कबूल केलं होतं. ती आठवडाभर त्याचं चित्र काढत होती. आम्ही पोचलो तेव्हा त्या दालनाच्या दाराला पांढरा पडदा आणि दुरुस्तीची पाटी. संकेतस्थळावर ती सूचना होती, मी ती वाचली नव्हती. तिने पडद्याच्या फटीला डोळा लावला, मग काही न बोलता माझा हात धरला. त्या दिवशी पुढे काय काय पाहिलं ते मला आठवत नाही.

खरेदी सकाळी उरकणं

‘दुकानं रिकामी असतात, आधी खरेदी करून घेऊ’ असं कुणीतरी म्हणतंच. मग दिवसभर त्या पिशव्या कुणाच्या तरी हातात लोंबकळत राहतात. म्युझियमच्या लॉकरमध्ये मोठ्या पिशव्या मावत नाहीत, बरीच संग्रहालयं मोठं सामान ठेवूनच घेत नाहीत. सुरक्षा तपासणीत प्रत्येक पिशवी उघडावी लागते, ते वेगळंच. मग घरातलं एक माणूस बाहेर पिशव्यांपाशी राखणीला बसतं, आणि ते माणूस बहुधा आईच असते.

खरेदी शेवटी ठेवा, आणि मुक्कामाच्या जवळच्या बाजारात. दिवसाचा क्रम साधारण असा बसतो: सकाळी ताज्या डोक्याने म्युझियम, दुपारी बसून शहरदर्शन, संध्याकाळी खरेदी. आणि खरेदीला सगळ्यांनी एकत्र जायलाच हवं असं काही नाही. एक जण कपडे बघत असताना बाकीच्या चौघांनी दारात तिष्ठत उभं राहण्यात कुणाचंच भलं नाही.

परदेशात असाल तर कर परताव्याची, म्हणजे खरेदीवर भरलेला कर पर्यटक म्हणून परत मिळण्याची, आशा धरून महागाची वस्तू घेण्याआधी नियम वाचा. बऱ्याच देशांत दुकानातच पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि तो तर तुम्ही मुक्कामी ठेवून आलेले असता. परतताना सीमाशुल्क खात्याला वस्तू न वापरलेली दाखवावी लागू शकते, म्हणून ती विमानात टाकायच्या बॅगेत आधीच तळाशी भरू नका. ग्रेट ब्रिटनने तर पर्यटकांना स्वतःबरोबर नेलेल्या मालावर मिळणारा हा परतावा २०२१ पासून बंदच केलाय.

पाठीवरची पिशवी, हातातलं पेय, सुटलेली नाडी

पाठीवरची पिशवी पुढे घ्या किंवा ठेवून या, असं पहारेकरी सांगतात तेव्हा अनेकांना अपमान वाटतो. पण पाठीवर असलेली पिशवी कुठे आपटतेय हे तुम्हाला कळतच नाही. २००६ साली केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात एक प्रेक्षक जिन्यावर सुटलेल्या नाडीत अडखळून पडला आणि खिडकीच्या कट्ट्यावरचे चीनच्या छिंग राजवटीतल्या तीन मोठ्या फुलदाण्या फुटल्या. २०१५ साली तैपेईतल्या एका प्रदर्शनात बारा वर्षांचा मुलगा ठेचकाळला. हातात पेय होतं, तोल सावरायला दुसरा हात पुढे गेला तो थेट सतराव्या शतकातल्या चित्रात, आणि कॅनव्हासला भोक पडलं. दोघांनीही मुद्दाम काही केलं नव्हतं. आत शिरण्याआधी मुलांच्या नाड्या तुम्ही स्वतः बांधा.

काही दालनं अंधारी का असतात हेही मुलांना आधी सांगून ठेवा. कागद, कापड, जलरंग यांवरचा प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) ठेवतात, कारण प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही. अशा दालनात शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत मिनिटभर थांबा. फ्लॅश बाहेरच बंद करा.

बस आणि टॉवर

जागोजागी उतरून पुन्हा चढता येणारी शहरदर्शनाची बस भर दुपारी घ्यावी. पाय मोकळे होतात, आजी डुलकी काढतात, शहरही दिसतं. पण या बसेस बहुधा एकाच दिशेने गोल फिरतात. एक थांबा मागे जायचं म्हणून चढाल तर पूर्ण फेरी होईल, तिथे सरळ चाला. तिकीट चोवीस तासांचं आहे की फक्त त्या तारखेचं, आणि शेवटची बस कितीला, हे चढतानाच विचारा.

टॉवरचं तिकीट सूर्यास्ताचं हवं असेल तर ते आधीच संपतं. आणि खालून टॉवरचं टोक ढगात गेलेलं दिसत असेल तर वर फक्त पांढरं दिसेल, तिकीट बदलता येतं का ते विचारा. जोराचा वारा असला की आयफेल टॉवरचा सगळ्यात वरचा मजलाही बंद ठेवतात.

भूक आणि चुकामूक

जेवणाची वेळ झाल्यावर जेवायची जागा शोधायला निघू नका. सगळ्यांच्या आधी, साडेअकराला जेवा. रांग नसते, बसायला जागा मिळते, आणि भुकेने होणारी अर्धी भांडणं होतच नाहीत.

सकाळी निघतानाच मुलांचा फोटो काढा. हरवल्यावर ‘शर्ट कुठल्या रंगाचा?’ हे भल्याभल्यांना आठवत नाही. मोबाइल नंबर मुलाच्या खिशात कागदावर हवा, आणि मेट्रोचा नियम घरीच ठरवून ठेवा: जो फलाटावर राहिला त्याने तिथेच थांबायचं, जो गाडीत राहिला त्याने पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं. मोठ्यांपैकी एकाने मुलाकडे जायचं. हे मुलाकडून दोन-तीनदा वदवून घ्या.

बेत फसलाच तर

तीन वाजले, पोर पालथं पडलंय आणि आजी टाच चोळतायत. आता ‘चला, उठा’ म्हणू नका. आधी वीस मिनिटं बसा, पाणी प्या, काहीतरी खा. टाच जळजळत असेल तर फोड येण्याआधीच पट्टी लावा. फोड आलाच असेल तर फोडू नका, झाकून ठेवा.

मग यादीतली एक गोष्ट खोडा, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगून. ‘आज टॉवर नाही.’ हे ऐकल्यावर चेहरे कसे सैल होतात ते बघाच. तिकीट काढलेलं असलं तरी खोडा, पैसे आधीच गेलेले असतात.

ज्यांच्यात दम आहे त्यांना टॉवरवर जायचंच असेल तर कुटुंब दोन भागांत वाटा. आजी आणि नातू शहरदर्शनाच्या बसमध्ये किंवा बागेत, बाकीचे वर. दोन्हीकडे एकेक चार्ज असलेला फोन, मुक्कामाचा पत्ता कागदावर, आणि भेटायची जागा अशी की जी दोघांनी एकत्र जाऊन बघितली आहे. ‘मेन गेटपाशी’ असं मोघम सांगू नका, मोठ्या जागांना चार गेटं असतात. घड्याळाखालचा तिसरा बाक, असं सांगा. आणि वरून येणाऱ्यांनी लिफ्टच्या रांगेचा वेळ धरून भेटायची वेळ द्या, कारण खाली बाकावर बसलेल्या आजी ठरल्या मिनिटापासून रस्त्याकडे डोळे लावून असतात.