कोल्हापुरातल्या वृद्धाश्रमात आजी-आजोबांचा आठवडा कसा आखावा

वेळापत्रक आखायला बसण्याआधी एक जाड वही घ्या आणि प्रत्येक रहिवाशासाठी तिची दोन पानं राखून ठेवा. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. सोमवारी भजन, मंगळवारी योगासनं, बुधवारी हाउजी असं आधी ठरतं आणि मग माणसं त्यात बसवली जातात. उसाच्या रानात जन्मभर भांगलण केलेल्या आजी आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले गुरुजी एकाच रांगेत बसून टाळ्या वाजवतात. दोघंही कंटाळतात आणि कर्मचारी म्हणतात, "यांना कशातच गोडी नाही." हे वाक्य मला फार लागतं, कारण ते बोलणाऱ्यांनी त्या आजींना कधी काही विचारलेलंच नसतं.

आधी विचारा

पहिला पंधरवडा विचारण्यातच घालवा. चारचा चहा घेऊन शेजारी बसा. गाव कुठलं, पेठ कुठली, काम काय केलं, घरात कोणता पदार्थ त्यांच्याच हातचा लागायचा, सकाळी उठल्यावर पहिलं काय करायची सवय होती, कशाचा राग येतो, हे सगळं एका पानावर उतरवा. हाक कशी मारायची हेही विचारा. तालमीतली पोरं ज्यांना जन्मभर 'वस्ताद' म्हणत आली, त्यांना "चला आजोबा, हात वर करा" म्हणू नये. आक्का, बाई, गुरुजी, मामा, जे त्यांना आवडेल तेच सगळ्यांनी वापरावं.

दुसरं पान तब्येतीचं, ते नर्स किंवा डॉक्टरांकडून भरून घ्या. साखर, रक्तदाब, पडण्याची भीती, गिळायला त्रास, कोणत्या कानानं कमी ऐकू येतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, लघवीची गोळी किती वाजता असते. शेवटची नोंद किरकोळ वाटेल, पण गोळी घेतल्यावर तासाभरात कार्यक्रम ठेवला तर माणूस मधेच उठतो आणि पुढच्या वेळी लाजेनं येतच नाही.

एक हिशेबही करा. आज ऐंशीच्या आसपास असलेली व्यक्ती १९६० ते १९७० या काळात पंधरा ते पंचवीस वर्षांची होती. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी सर्वांत ठळक राहतात. म्हणून 'जुनी गाणी' म्हणून त्यांच्या आईवडिलांच्या पिढीची रेकॉर्ड लावू नका. त्यांचा काळ शोधा. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, १९६२ साली शिवाजी विद्यापीठ सुरू झालं, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, १९७२ चा दुष्काळ पडला. यातल्या एका गोष्टीवर अर्धा-पाऊण तास बोलणं सहज रंगतं. फक्त कुणाच्या घरात त्या वेळी काही दुःखद घडलंय का, ते वहीत बघून मगच विषय काढा.

हाताला काम द्या

माझं ठाम मत आहे की वृद्धाश्रमात करमणुकीपेक्षा कामाचा तुटवडा जास्त असतो. ज्या बाईनं पन्नास वर्षं दहा माणसांचं घर चालवलं, तिला रंगीत मणी ओवायला देण्यापेक्षा मेथीची पेंडी निवडायला द्या, शेंगा फोडायला द्या. ती भाजी त्याच दिवशी जेवणात यायला हवी आणि वाढताना "आज मेथी आक्कांनी निवडलीय" असं सगळ्यांसमोर सांगायला हवं.

यातलं सर्वांत भरघोस काम म्हणजे उन्हाळ्यातली चटणी. वर्षाची चटणी कशी करायची यावर कोल्हापुरात प्रत्येक घराचं स्वतःचं मत असतं, म्हणून यात गप्पा आपोआप होतात. ते चार दिवसांत वाटून घ्या. पहिल्या दिवशी प्रमाण ठरवण्याची बैठक: ब्याडगी मिरची किती, जवारी मिरची किती, खोबरं किती, कांदा घालायचा की नाही. वाद होईल, होऊ द्या. शेवटचा शब्द आज्यांचाच, स्वयंपाकघरानं तो पाळायचा. दुसऱ्या दिवशी धणे निवडणं आणि लसूण सोलणं. पाकळ्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवल्या की साल लवकर निघते आणि दुखऱ्या बोटांना त्रास कमी होतो. तिसऱ्या दिवशी खोबरं किसणं. ज्यांचा हात थरथरतो त्यांना किसणी देऊ नका, त्यांच्याकडे वजनकाटा आणि हिशेबाची वही द्या. मिरच्यांची देठं काढायचं काम कर्मचाऱ्यांनी हातमोजे घालून, मोकळ्या हवेत करावं, दम्याच्या रुग्णांपासून लांब. भाजणं स्वयंपाकघरात होईल आणि कांडण डंकावर. चौथ्या दिवशी तयार चटणी भाकरीच्या तुकड्यावर चाखून पसंती द्यायची. ज्यांना गिळायला त्रास आहे किंवा तिखट वर्ज्य आहे, त्यांनी वास घेऊन रंग बघावा. तेवढ्यावरूनही आज्या बरोबर सांगतात.

हीच पद्धत आषाढात बेंदराला लावा. कुंभाराकडून मळलेली माती आणा, पाट मांडा आणि मातीचे बैल करायला बसवा. शेती केलेल्या आजोबांना शिंगांचा बाक कसा असावा हे कुणी सांगावं लागत नाही. माती घट्ट वाटली तर कोमट पाण्याचा हात लावा. ज्यांना माती नको असेल ते रंगीत लोकरीचे गोंडे वळतील. केलेले बैल एका फळीवर मांडून त्यांची पूजा करा, ज्यानं केला त्याच्या हातानं.

पुरुषांकडे बऱ्याचदा दुर्लक्ष होतं, कारण कार्यक्रम आखणाऱ्यांच्या डोक्यात भजन आणि भरतकाम असतं. शाहू स्टेडियमवर तालमींचा फुटबॉलचा सामना असेल त्या दिवशी, तो दिसत असेल तर मोठ्या पडद्यावर लावा आणि कोण कुठल्या पेठेचा ते आधी विचारून बाकं मांडा. खासबागेतल्या कुस्त्या पाहिलेले कुणी असतील, तर जवळच्या तालमीतल्या दोन पोरांना बोलवा आणि आजोबांना त्यांना डाव समजावून सांगायला लावा. भाषण नको. धोबीपछाड खुर्चीत बसूनही हातांनी दाखवता येते.

आठवड्याचा ताल

मोठा कार्यक्रम सकाळी दहा ते साडेअकराच्या दरम्यान ठेवा. जेवणानंतर पडू द्या. चारनंतर हलकं काही असावं. स्मृतिभ्रंश असलेली माणसं संध्याकाळी अस्वस्थ होतात, त्या वेळी गर्दी, लाउडस्पीकर आणि नवे चेहरे टाळा. एक कार्यक्रम पाऊण तासापेक्षा लांबवू नका.

पासष्ट वर्षांवरच्या माणसांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद सांभाळणारे व्यायाम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ते बसूनही होतात: पाठ असलेली, चाकं नसलेली खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले, टाचा उचलणं, गुडघा सरळ करणं, खुर्चीला धरून उठणं-बसणं. श्वास रोखू देऊ नका. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबवा आणि नर्सला बोलवा. आज्यांसाठी याच हालचाली झिम्म्याच्या टाळ्यांवर बसवल्या तर त्या आनंदानं येतात.

बोलताना समोर बसा, पंखा आणि टीव्ही बंद करा, आवाज चढवण्यापेक्षा शब्द सावकाश म्हणा. कार्यक्रमाचा फलक टपोऱ्या काळ्या अक्षरांत, बसल्या जागी दिसेल इतक्या उंचीवर लावा. आणि कुणी "आज नको" म्हणालं तर ते ऐका, ओढून आणू नका.

अंथरुणाला खिळलेल्यांना यातून वगळलं जातं. त्यांच्यासाठी रोज दहा मिनिटं एकट्याची राखा: हाताला खोबरेल तेल लावणं, उशाशी गवती चहाची पात धरणं, वर्तमानपत्रातली गावाकडची बातमी वाचून दाखवणं. विसरभोळ्या आजींना "मी कोण, ओळखलं का?" असं विचारू नका. उत्तर आलं नाही की त्या ओशाळतात. जात्यावरची ओवी तुम्ही सुरू करा, पुढची ओळ पुष्कळदा त्यांच्याकडून येते.

बाहेर जाणं आणि बाहेरून येणारे

रंकाळ्यावर न्यायचं तर चार-पाच जणांनाच न्या, सकाळी लवकर. आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा: गाडी कुठपर्यंत जाते, पायऱ्या किती, स्वच्छतागृह कुठे, सावलीत बाकडं आहे का. चाकाच्या खुर्चीमागे प्रत्येकी एक माणूस हवा. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी बिस्किटं आणि साखर बरोबर ठेवा, दोन तासांत परत या. अंबाबाईच्या दर्शनाला मंगळवार, शुक्रवार आणि नवरात्र टाळा. किरणोत्सव मात्र टीव्हीवर दाखवत असतील तर सगळ्यांना एकत्र बसवून दाखवा.

वाढदिवस साजरे करायला येणाऱ्या मंडळींना नियम घाला. केळी वाटायची, फोटो काढायचे आणि वीस मिनिटांत निघायचं, याला भेट म्हणू नये. त्यामुळे माणसं दीनवाणी होतात. येणाऱ्या प्रत्येकाला एकेका रहिवाशाशेजारी अर्धा तास बसवा, त्यांच्याकडून काहीतरी शिकायला सांगा, आणि फोटो फक्त ज्यांनी हो म्हटलंय त्यांचेच. काही मंडळी पुन्हा येणार नाहीत. जी येतील ती नेमानं येतील.

नोंद ठेवा

रोज दोन ओळी पुरेत: कोण स्वतःहून आलं, कोण मधेच उठलं, कोण एरवीपेक्षा जास्त बोललं. दोनदा फसलेला कार्यक्रम बंद करा, मग तो तुमचा कितीही आवडता असो. महिनाअखेरीस वही घेऊन रहिवाशांसोबतच बसा आणि पुढचा महिना त्यांना विचारून ठरवा.

शेवटची तयारी तुमच्या रजेच्या दिवसाची. कपाटात एक पेटी ठेवा: पत्ते, रेडिओ, लोकरीचे गुंडे, शेंगांची पिशवी, जुन्या कोल्हापूरचे मोठे फोटो. झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा, कुणाला काय आवडतं आणि कुणाला काय द्यायचं नाही, म्हणजे रविवारी ड्यूटीवर असलेल्या मावशींना कुणाला फोन न करता काम सुरू करता येईल.