पेपर टाकताय? आधी अपॉइंटमेंट लेटर काढा

राजीनामा द्यायचा म्हटलं की पहिली धास्ती एकच असते: ‘कंपनीने सोडलंच नाही तर?’ खासगी नोकरीत कुणालाही जबरदस्तीने कामावर ठेवता येत नाही. १९६३च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमामुळे कोर्टही एखाद्याला ‘परत जाऊन त्यांच्याकडेच काम कर’ असा हुकूम देत नाही. कंपनी अडवू शकते ते पैसे आणि कागद. तेव्हा तयारी या दोन्हींची करायची.

१. अपॉइंटमेंट लेटर शांतपणे वाचा

मॅनेजरला सांगण्याच्या आधी, घरी बसून. नोटीस किती दिवसांची, प्रोबेशनमध्ये किती आणि कायम झाल्यावर किती, हे तर बघालच. त्यापेक्षा महत्त्वाची ओळ वेगळी आहे: नोटीस कमी पडली तर वसुली बेसिकवर की ग्रॉसवर?

समजा ग्रॉस ६०,००० आणि बेसिक ३०,००० आहे. नोटीस ९० दिवसांची, पण नवी कंपनी ४० दिवसांत बोलावतेय. ५० दिवस कमी पडले. ग्रॉसने धरलं तर १ लाख रुपये, बेसिकने धरलं तर ५० हजार. एका शब्दाने रक्कम दुप्पट होते. हा आकडा हातात असला, की नव्या कंपनीला ‘बायआउट (म्हणजे कमी पडलेल्या नोटीसचे पैसे) तुम्ही देणार का?’ हे ऑफर स्वीकारण्याआधी विचारता येतं. नंतर विचारून फारसं कुणी देत नाही. बायआउटला परवानगी द्यायची की नाही, हा निर्णय पत्रात कंपनीकडे ठेवलाय का तेही बघा; पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत हे कलम सर्रास असतं. आणि नोटीस-वसुलीवर कुणी जीएसटी लावला तर थांबवा. तो लागत नाही, असं केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे.

२. बॉण्ड आणि ‘स्पर्धकाकडे जायचं नाही’ हे कलम

ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. एचआर मात्र दोन्हींची भीती एकत्रच घालतं.

बॉण्ड हलक्यात घेऊ नका. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची विजया बँकेची अट सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये वैध ठरवली. पण करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मिळते ती वाजवी भरपाई. बॉण्डवर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. दोन दिवसांच्या इंडक्शनला ‘ट्रेनिंग’ म्हणून पाच लाख मागणाऱ्याला खर्चाचा हिशेब लेखी मागा.

नोकरी सुटल्यानंतर स्पर्धक कंपनीत जायचं नाही, हे कलम मात्र करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. नोकरीचा करार चालू असताना गोष्ट वेगळी. कल्याणच्या टायरकॉर्ड कारखान्यातला एक कर्मचारी पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून राजस्थानातल्या कोटा शहरातल्या स्पर्धक कंपनीत गेला, तेव्हा सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये त्याच्याविरुद्धचा मनाई हुकूम कायम ठेवला. म्हणजे नोटीस पिरिअडमध्येच दुसरीकडे रुजू होण्याचा शहाणपणा नको. क्लायंटच्या याद्या, कोड, ड्रॉइंग तर कधीच सोबत नेऊ नका.

३. स्वतःचे कागद आधी गोळा करा

पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, इन्क्रिमेंटची पत्रं, शिल्लक रजेचा स्क्रीनशॉट, पीएफचं पासबुक. राजीनामा दिल्याच्या संध्याकाळीच लॅपटॉपचा अॅक्सेस बंद करणारी ऑफिसं आहेत.

४. राजीनामा छोटा लिहा, तारखा मात्र ठळक

इतकं पुरतं:

‘मी आज, दिनांक ——, माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रानुसार —— दिवसांची नोटीस आजपासून सुरू होते. माझा कामाचा शेवटचा दिवस —— असेल. माझ्याकडचं काम कुणाकडे सोपवायचं ते कृपया कळवावं.’

कारणं, तक्रारी, मॅनेजरचं कौतुक, काहीच नको. कंपनीचं पोर्टल असेल तर तिथे भरा आणि तरीही एचआरला ईमेल करा, स्वतःच्या खासगी मेलवर प्रत ठेवून. ‘साहेबांनी पोर्टलवर अप्रूव्ह केलं नाही, म्हणून तुमची नोटीस अजून सुरूच झाली नाही’ या जुन्या युक्तीला उत्तर म्हणजे तो ईमेल.

मन बदललं तर? पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा, तो स्वीकारला जाण्यापूर्वी सहसा मागे घेता येतो. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये म्हटलं, की स्वीकृतीचं पत्र कार्यालयातल्या कार्यालयात फिरलं आणि कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचलंच नाही, तर ती स्वीकृती नव्हे. त्याला नोकरी परत मिळाली. मागे घ्यायचा असेल तर तेही लेखीच, आणि त्याच दिवशी.

५. ‘राजीनामा दे, नाहीतर काढतो’ असं म्हटलं तर

खोलीत बसवून, समोर टाइप केलेला कागद ठेवून सही मागतात. सही करू नका. ‘विचार करून कळवतो’ म्हणा आणि बाहेर येऊन घडलेलं सगळं ईमेलने एचआरला लिहा. कायद्यातल्या ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्याला वर्षभर सलग सेवेनंतर कंपनीने कपातीत काढलं, तर नोटीस आणि सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई द्यावी लागते. राजीनामा ‘स्वखुशीने’ झाला, की ही भरपाई गेली. घाई त्यांना का असते, ते यावरून कळेल.

६. नोटीस चालू असताना

पगार चालूच राहतो. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळायला हवा, राजीनामा दिलेल्यालाही. ‘नोटीसमधले सगळे पगार होल्डवर’ हा प्रकार रूढ असला तरी कायदेशीर नाही. काम सोपवल्याची नोंद आणि लॅपटॉप परत केल्याची पावती घ्या. ग्रुप मेडिक्लेम बहुधा शेवटच्या दिवशी संपतो. घरात औषधोपचार चालू असतील तर त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची चौकशी आधीच करा.

७. फुल अँड फायनल

म्हणजे नोकरी सुटल्यावरचा शेवटचा हिशेब. कंपन्या अजूनही ‘४५ दिवस लागतील’ म्हणतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता (पगाराविषयीचा केंद्रीय कायदा) लागू झाली आहे आणि तिच्यानुसार राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायचं आहे. मॅनेजर पदावरच्यांनाही ही तरतूद लागू आहे.

ग्रॅच्युइटी वेगळी, ती ३० दिवसांत. अट पाच वर्षांच्या सलग सेवेची. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना आता एका वर्षानंतरही मिळते. सूत्र: शेवटचं मूळ वेतन व महागाई भत्ता × १५ ÷ २६ × वर्षं. ३०,००० वर ६ वर्षं ७ महिने झाले असतील तर ७ वर्षं धरून सुमारे १ लाख २१ हजार होतात. नोटीस अपुरी दिली म्हणून ग्रॅच्युइटी जप्त करता येत नाही. त्यासाठी कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान, हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा, अशा कारणांनी कामावरून काढलेलं असावं लागतं. बोनसच्या कक्षेत असाल आणि त्या वर्षात ३० दिवस काम केलं असेल, तर दिवाळीपूर्वी सोडूनही बोनस तुमचाच.

पीएफ शक्यतो काढू नका, नव्या खात्यात वळवा. पाच वर्षांच्या आत ५० हजार किंवा त्याहून जास्त काढला तर टीडीएस कापतात. तुम्ही नोकरी सोडल्याची तारीख भरायला कंपनी टाळाटाळ करत असेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती ईपीएफओच्या पोर्टलवर तुम्ही स्वतः भरू शकता.

८. पैसे अडवले तर

आधी लेखी मागणी: किती, कशाचे, कोणत्या तारखेपासून. मग जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज. ग्रॅच्युइटीसाठी तिथलाच संबंधित अधिकारी, आणि उशिराच्या काळाचं व्याजही मागा. सोबत अपॉइंटमेंट लेटर, राजीनाम्याचा ईमेल आणि शेवटची सॅलरी स्लिप जोडा. वेतनाचा दावा करायला वेतन संहितेत तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे रिलीव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र) हातात पडेपर्यंत सबुरीने घेतलं तरी हक्क बुडत नाही.