घरी रुग्णासाठी पलंग आणि गादी घेताना

जळगाव-धुळ्याला दवाखान्याचे पलंग भाड्यानेही मिळतात. दुखणं थोड्या आठवड्यांचं असेल तर विकत घेऊ नका. आधी घराचं दार मोजा. पलंग साधारण ६.५ फूट लांब, ३ फूट रुंद असतो. रुग्णाला बसवून जेवू घालायचं असेल तर पाठ आणि गुडघे दोन्ही उचलणारा, दोन हँडलचा फाउलर पलंग बघा. नुसती पाठ उचलली की माणूस खाली घसरतो आणि माकडहाडाजवळची कातडी ताणून सोलवटते. चाकांना ब्रेक, बाजूंना कठडे हवेतच.

स्वतःहून कूस बदलता येत नसेल तर एअर गादी घ्याच, म्हणजे पंपाने कप्प्यांत आळीपाळीने हवा भरून अंगाच्या एकाच जागी दाब राहू न देणारी गादी. ती पलंगाच्या गादीवर अंथरायची, वर एकच सुती चादर. वरून गोधडी घातली की तिचा फायदा जातो. पंप २४ तास चालतो, म्हणून इन्व्हर्टरची सोय ठेवा. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, रेक्झिनवर घाम साचतो. चादर ओलसर लागली की लगेच बदला. एअर गादी असली तरी दर २ तासांनी कूस बदलायचीच. टाचा, खुबे, माकडहाड रोज पाहा. बोटाने दाबूनही लाली फिकी पडत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.