५५५ वर एलईडी लुकलुकवा, पण सात नंबरची पिन सांभाळा

साहित्य: ५५५ आयसी (टायमर चिप), ९ व्होल्टची बॅटरी, एलईडी, १ किलोओम, ६८ किलोओम आणि ४७० ओमचे रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि ०.१ व ०.०१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक.

१. पिन १ निगेटिव्हला, ८ आणि ४ पॉझिटिव्हला. चार नंबर रिसेट आहे, ती मोकळी लोंबकळत ठेवू नका.

२. ०.१ चा सिरॅमिक ८ आणि १ च्या अगदी लगत लावा. आउटपुट पलटताना साधा ५५५ झटक्यात करंट ओढतो. हा सिरॅमिक नसेल आणि पुढे काउंटर (पल्स मोजणारा आयसी) जोडलात, तर तो एकाचे दोन मोजेल. ०.०१ चा पिन ५ आणि निगेटिव्हमध्ये.

३. २ आणि ६ एकत्र जोडा. तिथून इलेक्ट्रोलिटिक निगेटिव्हला, पट्टीची बाजू निगेटिव्हकडे.

४. ८ ते ७ वरचा रेझिस्टर, १ किलोओम. ७ ते ६ खालचा, ६८ किलोओम.

इथे थांबा. सगळी गंमत आणि सगळी जाळपोळ इथेच होते. कपॅसिटर दोन्ही रेझिस्टरमधून भरतो. तो ६ व्होल्टला, म्हणजे बॅटरीच्या दोन तृतीयांशाला पोचला की आयसीच्या आतला ट्रान्झिस्टर पिन ७ जमिनीला टेकवतो. मग कपॅसिटर फक्त खालच्या रेझिस्टरमधून रिकामा होतो. ३ व्होल्टला पिन ७ सुटते आणि फेरा पुन्हा सुरू. भरताना दोन रेझिस्टर, रिकामं होताना एकच, म्हणून चालू वेळ बंद वेळेपेक्षा नेहमी जास्त.

त्यावर "वरचा रेझिस्टर काढूनच टाका, वेळा समान होतील" असा सल्ला सर्रास मिळतो. अजिबात ऐकू नका. मी हौसेने वरच्या जागी नुसता पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावला होता, १२ व्होल्टवर. तो शेवटपर्यंत फिरवला आणि पिन ७ थेट पॉझिटिव्हला चिकटली. आयसीने बोटाला चटका दिला. एलईडी नंतर कायमचा विझलेला, कारण कपॅसिटर रिकामा करणारं कोणी उरलंच नव्हतं. असे दोन आयसी घालवल्यावर अक्कल आली.

वर १ किलोओमच्या खाली जाऊ नका. पॉट हवा तर खाली लावा. आपल्या आकड्यांनी चालू ०.४८ आणि बंद ०.४७ सेकंद येतात. डोळ्याला हा फरक कळतही नाही. (सूत्र: ०.६९३ × कपॅसिटर × रेझिस्टर. चालूसाठी दोन्हींची बेरीज, बंदसाठी फक्त खालचा.) स्टॉपवॉच घेऊन भांडू नका, इलेक्ट्रोलिटिक वीस टक्के इकडेतिकडे असतोच.

बंद वेळ जास्त हवी असेल तर खालच्या रेझिस्टरला समांतर १एन४१४८ डायोड लावा, पट्टी ६ कडे. आता भरणं वरच्यातून, रिकामं होणं खालच्यातून.

५. पिन ३ वरून ४७० ओम, एलईडी, निगेटिव्ह.

६. बॅटरी जोडा. पहिली चमक लांबते, जवळपास पाऊण सेकंद. बिघाड समजून तारा उपटू नका, तेवढ्यापुरता कपॅसिटर शून्यापासून भरत असतो.