टाइम ट्रॅव्हलची कादंबरी लिहायचीय? मशीन राहू दे, आधी तारीख शोधा

टीनएजर पोरांसाठी टाइम ट्रॅव्हलची कादंबरी लिहायची म्हटलं की सगळे आधी मशीनच्या मागे लागतात. मीही लागलो होतो, तीन वह्या भरल्या आणि गोष्ट जागची हलेना. म्हणून पहिली स्टेप, तारीख शोधा. खरी घडलेली, आणि जिच्यामुळे घराघरांत काहीतरी उलटंपालटं झालं अशी.

मी घेतली १२ जुलै १९६१. बुधवार होता, सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं गेलं आणि पुण्यात नदीकाठच्या पेठा पाण्याखाली. अशा दिवशी कोण कुठे होतं, हे नंतर कोणी नीट तपासत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय.

मग गुपित. ‘आपण मूळचे राजघराण्यातले’ टाइप नको प्लीज. घरच्यांनी सोयीसाठी बोललेलं एखादं खोटं घ्या. आजीची मोठी बहीण पुरात गेली असं सगळे साठ वर्षं सांगतायत, खरं तर ती आदल्या रात्रीच दुसऱ्या जातीतल्या मुलाबरोबर निघून गेलेली, आणि ‘पळून गेली’पेक्षा ‘वाहून गेली’ सांगणं घरच्यांना सोपं पडलं. आता हे सांगायचं कसं, तर सांगायचंच नाही. सर्वपित्रीला आजी गेलेल्या सगळ्यांची नावं घेते, बहिणीचं घेत नाही. नात विचारते, ‘आजी, एक नाव राहिलं ना गं?’ आजी म्हणते, ‘वरण वाढ, गार होतंय.’ बस. पहिल्या तीन प्रकरणांत याच्यापुढे जाऊ नका.

वयांचा हिशोब कागदावर करा. आजी १९४४ची म्हणजे पुरात १७ वर्षांची, नात २००७ची म्हणजे २०२४मध्ये तीही १७, दोघी मैत्रिणी म्हणून भेटल्या की निम्मी कादंबरी फुकटात मिळते. आणि हिरोइन ज्याच्या प्रेमात पडणार तो नात्यातला नाही ना, हे वंशावळ काढून बघा. हसू नका, माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये तो चुलत आजोबा निघाला होता.

जाण्यायेण्याची वाट एकच ठेवा आणि ती ऐन वेळी बंद पडेल अशी ठेवा. माझी वाट म्हणजे सदाशिव पेठेतल्या वाड्याचा हौद, कात्रजच्या तलावातून येणाऱ्या पाण्याचा. एरवी तिकडे कुणी फिरकत नाही, पण खडकवासला फुटल्यावर नळ कोरडे पडले, लोक जुन्या हौद-विहिरींकडे वळले, मग माझ्याही हौदावर दिवसरात्र हंड्यांची रांग. चारचौघांसमोर पोरगी हौदात उतरणार कशी? तिला परत यायचंय आणि येता येत नाही, रोमान्सला आयता वेळ मिळाला.

रोमान्समध्ये सगळ्यात जास्त काम ‘तुम्ही’ करतं. १९६१च्या वाड्यात अनोळखी मुलाला ‘अरे ऐक ना’ म्हटलं तर चार खिडक्या उघडतील. तो शनिवार पेठेत नदीजवळ राहतो, हिला बुधवारचं माहितीये, आणि ती फक्त एवढंच म्हणू शकते, ‘उद्या सकाळी घरी थांबू नका.’ अख्ख्या पुस्तकात ‘तू’ एकदाच येऊ दे, शेवटच्या भेटीत.

वस्तू मात्र एकेक तपासा. मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर मस्त कालनिर्णय लटकवलं होतं, ते सुरू झालं १९७३ला! टीव्ही नको, रेडिओ चालेल. नाण्यांवर तेव्हा ‘नये पैसे’ असायचं पण लोक अजून चार आणे, आठ आणेच बोलायचे, हा घोळ हिरोइनला दुकानात घालू द्या, छान सीन होतो. तारखा, कपडे, भाव हे सगळं त्या वेळच्या पेपरांत मिळतं, लायब्ररीत जुन्या फाइली चाळायचा कंटाळा करू नका.

ड्राफ्ट झाला की तो दिवस पाहिलेल्या कुणाला तरी वाचून दाखवा. मी शेजारच्या काकूंना पुराचं प्रकरण वाचून दाखवलं, पाणी, आरडाओरडा, पडलेल्या भिंती, सगळं होतं त्यात. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, ‘अरे पण वास कुठाय? आठवडाभर भिजलेल्या धान्याचा वास होता गल्लीत.’ ते प्रकरण मी परत लिहायला घेतलंय.