गोव्यात भौतिकशास्त्राचे शिक्षक व्हायचे असेल तर

गोव्यात भौतिकशास्त्र शिकवू इच्छिणाऱ्याने हायस्कूल की हायर सेकंडरी हे आधी ठरवावे, कारण या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. नववी-दहावीला भौतिकशास्त्र हा स्वतंत्र विषय नसतो. तेथे सगळे विज्ञान शिकवावे लागते, त्यामुळे ध्वनीचा पाठ संपवून दुसऱ्याच तासाला पेशीच्या रचनेकडे वळण्याची तयारी हवी, आणि बहुधा गणिताचे तासही वाट्याला येतात. त्यासाठी किमान ५० टक्के गुणांसह पदवी आणि बी.एड. पुरते. अकरावी-बारावीला मात्र एम.एस्सी. आणि बी.एड. असे दोन्ही लागते. एम.एस्सी.साठी ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे. दोन वर्षांचे बी.एड. पणजीला आल्तिनोवरील निर्मला संस्थेत किंवा फोंड्याच्या दादा वैद्य महाविद्यालयात करता येते. सरकारी भरतीला १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट मानले जाते. घरात मराठी असणाऱ्यांनी बोलता येते एवढ्यावर विसंबून न राहता कोकणी लिहिण्याचाही सराव ठेवावा.

पहिलीच नेमणूक कायम स्वरूपाची मिळेल असे धरून चालू नये. अनेकांची सुरुवात लेक्चर बेसिसवर होते, तासांप्रमाणे मानधन मिळते आणि सुट्टीत हात आखडता घ्यावा लागतो. ही वर्षे फुकट जातात असे मला वाटत नाही, मात्र ती प्रयोगशाळेत घालवली पाहिजेत.

प्रयोगशाळेचा मोठा शत्रू म्हणजे आपला पाऊस. नोकरीच्या पहिल्या जुलैत मी स्थिर विद्युत शिकवताना केसांवर घासलेला कंगवा कागदाच्या कपट्यांवर धरला, आणि एकही कपटा हलला नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी ‘सर, कंगवा ओला आहे’ म्हणाले, आणि ते जवळजवळ खरेच होते. दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि त्यातून विद्युतभार निसटून जातो. तेव्हा हा पाठ शक्यतो डिसेंबर-जानेवारीत घ्यावा. तसे जमत नसेल तर कंगवा, काचेची कांडी आणि रेशमी कापड तासापूर्वी बल्बखाली नीट तापवून घ्यावे. भिंगांना बुरशी धरते, म्हणून ती बंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावीत. तारांच्या टोकांवर हिरवट थर चढतो. तो पॉलिश पेपरने घासून काढल्याशिवाय ओहमच्या नियमाची रीडिंग्ज कधीच सरळ रेषेत येणार नाहीत. सारा दोष विद्यार्थ्यांच्या हाताला देण्यापूर्वी या तारा पाहाव्यात.

जर्नल तपासताना साध्या लंबकाच्या प्रयोगाकडे विशेष लक्ष द्यावे. गोव्याच्या अक्षांशावर गुरुत्वीय त्वरण सुमारे ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. एक मीटर लांबीच्या लंबकाच्या २० आंदोलनांना ४० सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि घड्याळ दाबण्यात ०.२ सेकंदाची चूक झाली तरी उत्तर जवळपास एक टक्क्याने सरकते. एवढ्या ढोबळ मापनातून साऱ्या वर्गाचे उत्तर नेमके ९.८१ येत असेल, तर ती रीडिंग्ज लंबकाची नसून पुस्तकातली आहेत. अशा वेळी रागावण्यापेक्षा ९.६ किंवा ९.९ लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण देऊन मापनात चूक कशामुळे आली हे मात्र लिहायला लावावे. पुढच्या प्रॅक्टिकलपासून खरे आकडे येऊ लागतात.

प्राथमिक शाळेत मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना पुढे सारे विज्ञान इंग्रजीतून शिकावे लागते, म्हणून संज्ञा दोन्ही भाषांत एकदा तरी सांगाव्यात. चाल आणि वेग, वस्तुमान आणि वजन या जोड्या आधी मराठीत सुटल्या की इंग्रजी शब्द आपोआप जागेवर बसतात. बाजारात आपण ‘वजन दोन किलो’ म्हणतो, आणि वर्गातला निम्मा घोळ तेथूनच येतो.

उदाहरणे गावातून घ्यावीत. पणजी-बेती फेरीबोट प्रवाहात नाक किंचित तिरके ठेवूनच समोरच्या धक्क्याला लागते; सदिशांच्या बेरजेसाठी याहून चांगले चित्र नाही. द्रवाचा दाब शिकवताना मुलांना खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीच्या बांधावर, मानशीपाशी न्यावे; मानस म्हणजे त्या बांधातले पाण्याचे लाकडी दार. भरतीला नदीकडचे पाणी चढते, दार आपोआप मिटते. ओहोटीला आतले पाणी वरचढ झाले की तेच दार बाहेरच्या बाजूला उघडते. एक मीटर रुंद दाराबाहेर दीड मीटर आणि आत एक मीटर पाणी असेल, तर दारावरील निव्वळ बल सहाशेहून अधिक किलोंच्या वजनाइतके येते. हे गणित वहीत करून घ्यावे आणि मगच तेथे जावे, म्हणजे मुले त्या साध्या लाकडी दाराकडे वेगळ्या नजरेने पाहतात. जाण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहून ठेवावी. मी एकदा ती न पाहता चाळीस मुलांना मिटलेल्या दारासमोर तासभर उभे केले होते.

शून्य सावलीचा दिवस मात्र गोव्यातल्या शिक्षकाला सहसा वर्गात मिळत नाही. सूर्य वर्षातून दोनदा आपल्या बरोबर डोक्यावर येतो, मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. पहिल्या वेळी सुट्टी लागलेली असते आणि दुसऱ्या वेळी आभाळ भरलेले असते. म्हणून एप्रिलच्या शेवटच्या तासाला हे काम घरी करायला द्यावे: मेच्या पहिल्या आठवड्यात रोज गच्चीवर एक सरळ काठी उभी करून सव्वाबारा ते पाऊण या वेळेत दर पाच मिनिटांनी सावलीची लांबी मोजायची. सावली बारा वाजता सर्वांत आखूड का होत नाही, तिला साडेबारा का वाजतात, याचे उत्तर भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते या एका माहितीवरून मुलांनी स्वतःच काढायचे.